घेणाऱ्यानं स्वतः यायला हवं

माझ्या मावशीला माणसं गुडघ्यापर्यंतच दिसतात. तिचं दुकान तळघरात आहे आणि दुकानाची एकुलती एक खिडकी बाहेरच्या फुटपाथच्या पातळीवर उघडते. मशीनवर बसून मान वर केली की काचेपलीकडून बूट, चपला, सायकलींची चाकं आणि पँटींचे पाय जाताना दिसतात. त्यातल्या निम्म्या पँटी तिच्या हाताखालून गेलेल्या. त्यामुळे पाय मशीनवर आणि तोंड खिडकीकडे असं तिचं समालोचन दिवसभर चालू असतं.

"हा बघ, दातांचा डॉक्टर चालला. डावा पाय आखूड आहे त्याचा, त्यालाच माहीत नाही. मी गुपचूप त्या बाजूला बोटभर जास्त दुमडते, आणि तो सगळ्यांना सांगत फिरतो की माझ्या अंगावर कुठलीही पँट नीट बसते."

"आणि ही कोण गं?"

"ही माझ्याकडे येत नाही. दिसत नाही का, दोरा लोंबतोय."

नवीन कपडा मावशी शिवत नाही. लांबाचं आखूड करायचं, घट्टाचं सैल करायचं, तुटलेली चेन बदलायची, कोटाचं अस्तर लावायचं. गिऱ्हाइकाला ती कधी गोड बोलली असेल तर ते मी ऐकलेलं नाही. कुणी म्हणालं, "धुतल्यावर आटला हो शर्ट," की ही तोंडातली टाचणीसुद्धा न काढता म्हणते, "शर्ट आहे तेवढाच आहे. तुम्ही वाढलात." तरी लोक तिच्याकडेच येतात. दुकानात तिच्या जोडीला एक बाई आहे. ती काजं करते, बटणं लावते, म्हणून तिला सगळे काजवाली म्हणतात. तिला कमी ऐकू येतं, पण सोयीनं. काम सांगितलं की ऐकू येत नाही, फोनवरचं बोलणं मात्र पलीकडच्या माणसाचंसुद्धा ऐकू येतं.

फोन असायचा तो ढब्बूचा. ढब्बू म्हणजे मावशीचा मुलगा, माझा मावसभाऊ. लहानपणी गालांनी भरलेला होता. आता तो परदेशात मोठ्या नोकरीत आहे, रोज सकाळी पळतो, गालांची हाडं वर आली आहेत, हाताखाली माणसं आहेत. मावशीच्या तोंडी मात्र तो ढब्बूच. काका गेले तेव्हा तो आला होता, त्यानंतर आलेला नाही. भांडण नाही, राग नाही. फोन नेमानं करतो. फक्त येणं होत नाही.

आणि येणं झालं नाही की वस्तू येते. आधी पायांना मसाज करणारं मशीन आलं. मग हवा शुद्ध करणारं. मग जमीन झाडणारी गोल तबकडी आली. तिनं पहिल्याच दिवशी दुकानभर फिरून एवढे दोरे गिळले की मशीनखाली जाऊन ती गपगार पडली. मावशीनं कात्रीनं तिच्या पोटातले दोरे सोडवले आणि तिला कपाटावर ठेवून दिलं. "पोरगं आईची काळजी घेतंय," असं ती प्रत्येक वस्तूच्या वेळी म्हणायची, आणि प्रत्येक वेळी ते वाक्य आधीच्यापेक्षा थोडं लवकर संपायचं.

त्यानंतर घड्याळ आलं. लाकडी डबीत, मखमलीच्या गादीवर. मागच्या बाजूला काच, काचेतून आतली चक्रं फिरताना दिसत होती. ढब्बूनं व्हिडिओ कॉलवर समजावलं, "आई, ह्याला सेल लागत नाही. हात हलला की आपोआप किल्ली बसते. तुझ्यासारखीसाठीच आहे, तुझे हात कुठे थांबतात!" किंमत त्यानं सांगितली नाही. मी शोधून काढली आणि मावशीला सांगितली नाही.

पहिले काही दिवस ते घड्याळ शहाण्यासारखं चाललं. मग पळायला लागलं. मावशी दुकान अंधारातच उघडायला लागली. संध्याकाळी सहाला येतो म्हणालेला माणूस सहाला आला, तर "ही काय वेळ झाली?" म्हणून त्याला बोलणी बसायची. तो बिचारा भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवायचा.

"ते भिंतीवरचं बाजारातलं आहे. हे माझ्या मुलानं पाठवलंय," मावशी म्हणायची.

पण बँकेच्या दारात शटर उघडायची वाट बघत तिला तिष्ठत उभं राहावं लागलं, तेव्हा तिनं मान्य केलं. घड्याळ बिघडलं होतं. वॉरंटी होती. तिनं माझ्याकडून कंपनीचा नंबर लावून घेतला आणि फोन स्पीकरवर टाकला. काजवालीची सुई थांबली.

"मॅडम, वॉरंटी कार्डवर ज्यांचं नाव आहे, त्यांनाच घड्याळ घेऊन यावं लागेल," पलीकडची मुलगी म्हणाली.

"म्हणजे माझ्या मुलानं?"

"ज्यांनी घेतलंय त्यांनी. स्वतः. ओळखपत्रासकट."

"अहो, तो परदेशात असतो."

"सॉरी मॅडम. नियम आहे."

मी कान झाकायच्या तयारीत होते. कारण नियम हा शब्द ऐकला की मावशी समोरच्याची पार उसवण काढते. पण ती पुढे झुकली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "पक्का नियम आहे ना? नाहीतर मागाहून बदलाल."

"नाही मॅडम, पक्का आहे."

"आईनं आणलं तर अजिबात चालणार नाही?"

"नाही चालणार, मॅडम."

"बरं, बरं. फार चांगलं झालं." फोन ठेवून तिनं आमच्याकडे बघितलं. चेहरा असा, की जणू कुणी लॉटरी लागल्याचं कळवलंय.

"काय झालं ताई?" काजवालीनं विचारलं. तिनं सगळं ऐकलं होतं.

"घड्याळ दुरुस्त होत नाहीये," मावशी म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

त्या दिवशी मला कळलं की हिला ह्या घड्याळाकडून नेमकं काय हवंय. मी म्हटलंसुद्धा, "अगं, मग सरळ ये म्हण ना त्याला. एवढं घड्याळाच्या आडून कशाला?"

ती पँटीची शिवण उसवत होती. ब्लेड थांबलं नाही. "ये म्हटलं की तो येईल. नाही असं नाही. पण पाहुण्यासारखा येईल. बूट न काढता बसेल, बरी आहेस ना विचारेल, दोनदा मोबाइल बघेल. काही काम असलं तर माणूस घरी येतो गं. पिशव्या टाकतो, कंपनीला शिव्या घालतो, जेवायला उशीर करतो."

"मी बोलू का त्याच्याशी?"

"तू मध्ये पडलीस तर बघ. तुझ्या सगळ्या कपड्यांच्या बाह्या आखूड करीन."

रविवारी ढब्बूचा फोन आला. मावशीनं केस सारखे केले, फोन दोऱ्याच्या रिळांना टेकवून उभा केला आणि बातमी दिली.

"असा कसा नियम?" तो म्हणाला. "वेडे आहेत का? मी मेल टाकतो."

"टाक हो. पण त्यांचंही बरोबर आहे. एवढी भारी वस्तू, उद्या कुणीही उचलून घेऊन जाईल."

उभ्या आयुष्यात मावशीनं कुठल्याही कंपनीची बाजू घेतलेली नव्हती. ढब्बूच्या ते ध्यानात आलं नाही. तो दुसऱ्या स्क्रीनवर काहीतरी बघत होता. "आई, पुढच्या महिन्यात एक आठवडा काढता येईल कदाचित. बघतो. तिकिटं बघतो."

"ओढाताण करून नको हं."

"नाही गं, घड्याळाचं काम आहे ना. करून टाकू एकदाचं."

त्याच्या बोलण्यातला 'कदाचित' मावशीनं कुठे दुमडून टाकला कोण जाणे, कारण दुसऱ्या दिवसापासून तिनं मागची खोली रिकामी करायला घेतली. लोकांनी नेलेच नाहीत असे कोट, हरवलेल्या गिऱ्हाइकांचे पडदे, सगळं बाहेर आलं. खाट मोकळी झाली. मग तिनं एक चांगलं राखाडी कापड काढलं. नवीन कपडा न शिवणारी ही बाई, कापड टेबलावर अंथरून हातात खडू घेऊन नुसती उभी राहिली.

"काय झालं?"

"कंबर किती असेल गं त्याची आता?"

मी फोन काढला. "विचारते."

"नको. विचारलं तर शिवू नको म्हणेल." सगळ्या गल्लीच्या कमरा जिला तोंडपाठ, तिनं फोनमधला त्याचा एक फोटो मोठा केला, शेजारच्या खुर्चीवरून त्याच्या उंचीचा अंदाज बांधला आणि दोन्ही बाजूंना भरपूर माया सोडून कापड कापलं. "सैल करता येतं, घट्टही करता येतं," ती म्हणाली. "माणूस समोर असला म्हणजे झालं."

पण ढब्बू मेल लिहिण्यात हुशार. त्याचं पोटच त्यावर भरतं. त्याच्या मेलला कंपनीचं उत्तर आलं, आणि त्यानं ते मोठ्या उत्साहानं वाचून दाखवलं. नुसत्या तपासणीला आईनं घड्याळ आणलं तरी चालणार होतं. उघडून दुरुस्ती करायची वेळ आली, सुटे भाग बदलायचे झाले, तरच घेणाऱ्यानं स्वतः यायचं.

"बघ आई, निम्मं काम झालं! तू एकदा दाखवून ये. मोठं काही निघालं तर मी येतोच. प्रॉमिस."

"मोठंच असणार रे," मावशी म्हणाली. "फार पळतं ते."

म्हणून आम्ही दोघी गेलो. काचेची उंच इमारत, लिफ्टमध्ये आरसा, वरच्या मजल्यावर इतकी शांतता की मावशीच्या पिशवीचा चुरचुर आवाज ऐकून तिनं पिशवी पोटाशी धरली. खुर्च्या मऊ होत्या. आधी बसलेली माणसं डॉक्टरकडे बसल्यासारखी बसली होती. एक गृहस्थ हातातलं घड्याळ सारखं कानाला लावत होते.

"मोठं काही नसलं म्हणजे मिळवली," ते मावशीला म्हणाले.

मावशीनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते दोन खुर्च्या सरकून बसले.

काउंटरवर फोनवरचीच मुलगी होती, आवाजावरून ओळखली. तिनं पांढरे हातमोजे घालून घड्याळ एका ट्रेमध्ये ठेवलं. "काळजी करू नका मॅडम. बहुतेक किरकोळच असतं."

"किरकोळ कसं असेल? पार बिघडलंय. तुम्ही चालवून बघा ना. पिसाळलंय अगदी."

"खाली वगैरे पडलं होतं का?"

खोटं बोलायची संधी समोर आली होती, आणि मावशी मोहात पडलेली मला दिसली. पण नाही जमलं तिला. "पडेल कसं? जिवापाड जपते मी."

आतल्या काचेच्या खोलीतून घड्याळ दुरुस्त करणारे गृहस्थ बाहेर आले. डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर सरकवलेलं, चेहरा हसरा, सुट्टीच्या आदल्या दिवशीच्या शिक्षकासारखा. त्यांनी घड्याळ न्याहाळलं. "ताई, कामाला बसताना हे कुठे काढून ठेवता?"

मावशीला हा प्रश्न आवडला. तिची काळजी दाखवायची वेळ आली होती. "शिवणाचं काम आहे माझं. मशीनवर घासून ओरखडे पडतील म्हणून हातातून काढते. आणि ठेवते कुठे, तर टाचण्यांच्या वाटीत. तिच्यापेक्षा सुरक्षित जागा दुकानात नाही. वाटीच्या तळाशी लोहचुंबक आहे. वाटी उलटी झाली तरी एक टाचणी खाली पडत नाही, मग घड्याळ काय पडतंय! चांगलं चिकटून बसतं. रात्रीही तिथंच."

गृहस्थांनी डोळे मिटले आणि हसले. खिशातून एक लहानसं होकायंत्र काढून घड्याळाजवळ नेलं. काटा दचकून गरकन फिरला.

"ह्याच्या आत केसासारखी बारीक स्प्रिंग असते, ताई. तिची वेटोळी सुटी सुटी हलायला हवीत. लोहचुंबकानं ती एकमेकांना चिकटतात आणि मग घड्याळ पळत सुटतं. रोज रात्री तुम्ही त्याला लोहचुंबकावर झोपवलंत."

"अरे देवा," मावशी म्हणाली. आणि लगेच, डोळे मोठे करून, "म्हणजे स्प्रिंग गेली! बदलावी लागणार!"

"छे हो."

"उघडावं तर लागेल?"

"थांबा तुम्ही." त्यांनी काउंटरखालून एक निळी डबी काढली, साबणाएवढी. बटण दाबलं, घड्याळ डबीवर धरलं, हळूच वर उचलत लांब नेलं. पुन्हा होकायंत्र जवळ नेलं. काटा जागचा हलला नाही.

"झालं," ते म्हणाले.

"काय झालं?"

"दुरुस्त झालं."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग डबीकडे. "पण तुम्ही काही केलंच नाहीत."

"एवढंच असतं ते." बिचारे खूश होते. त्यांनी घड्याळ एका मशीनवर लावलं, पडद्यावर सरळ रेघ उमटली. "बघा. अगदी ठणठणीत."

"पण घेणाऱ्यानं स्वतः यायला हवं," मावशी म्हणाली. आवाज वर गेला होता. "तुमचाच नियम. ही सांगत होती, पक्का आहे. विचारा तिला."

काउंटरवरची मुलगी गडबडली. "ते उघडून काम करायचं असेल तर, काकू. ह्याला तुमची सही चालेल."

"माझी कशी चालेल? कार्डावर त्याचं नाव आहे. मी कोण? मी नुसती घालते ते. आणि ह्यांनी मला न विचारता दुरुस्त केलं! ते वॉरंटीत तरी बसतं का?"

"खरं सांगायचं तर लोहचुंबकाचं वॉरंटीत बसत नाही," गृहस्थ म्हणाले, "पण ह्याचं काय घ्यायचं तुमच्याकडून! तुम्ही आईसारख्या."

आता त्यांच्याशी भांडायचं तरी कसं? मावशीच्या जिभेवर कायम टाचण्या असतात, त्या दिवशी एकही सापडेना. "एकदा उघडून बघितलं असतंत," ती शेवटी म्हणाली. विनवणीच होती ती. "आत आणखी काही असलं तर? एवढ्या लांबचं घड्याळ आहे."

"काही नाही आत, ताई. शंभर टक्के. निश्चिंत राहा."

मला वाटलं, त्यांना बाजूला घेऊन सांगावं की काहीतरी बिघाड काढा हो, लहानसा का होईना. पण ते असे आनंदानं बघत होते, आणि मुलीनं कागद पुढे केला होता, आणि मावशीनं सही करायला पेन धरलंसुद्धा होतं. सही करताना तिनं विचारलं, "मुलाला एवढ्यात कळवायचं नाही असं करता येतं का? मी सांगीन सवडीनं."

"त्यांना मेसेज गेला, काकू. आपोआप जातो. सही झाली की लगेच."

फोन वाजलाच. आम्ही खुर्च्यांपर्यंतही पोहोचलो नव्हतो.

"आई!" ढब्बूचा चेहरा पडद्यावर, मागे त्याचं ऑफिस. "आला मेसेज! झालं ना? मी म्हटलं नव्हतं, चांगली कंपनी आहे!"

"हो रे. झालं."

"सुटलो गं! खरं सांगू, तिकिटाचं पान उघडून बसलो होतो. पैसे भरणार तेवढ्यात हा मेसेज. थोडक्यात वाचलो. ह्या महिन्यात इथून हलणं म्हणजे काय झालं असतं..."

"बरं झालं मग," मावशी म्हणाली.

मी हात पुढे केला, फोन घ्यायला. काय बोलणार होते मला माहीत नव्हतं. मावशीनं न बघता माझं मनगट धरलं आणि खाली दाबलं. शिवणाऱ्या बाईची पकड, हलता येईना.

"दाखव ना घड्याळ," ढब्बू म्हणाला.

तिनं हात वर केला.

"जरा जवळ. दिसत नाहीये. आणखी जवळ आण... हां. हां, हां. काय सुंदर चालतंय बघ! आता नीट वापर हं आई. बरं, मीटिंग आहे, रविवारी बोलू."

पडद्याच्या कोपऱ्यातल्या लहानशा चौकोनात मला तिच्याकडचं चित्र दिसत होतं. सगळ्या चौकोनात घड्याळच होतं. मावशी त्यात कुठेच नव्हती. मग फोन बंद झाला, आणि तरी ती थोडा वेळ हात तसाच धरून उभी होती, कोटाचं माप द्यायला उभं राहिल्यासारखी.

दाराशी एक लहानसा पडदा लावलेला होता. सेवा कशी वाटली, असं त्यावर लिहिलेलं आणि खाली तीन चेहरे. एक हसरा, एक मख्ख, एक पडलेला. मुलगी मागून म्हणाली, "काकू, जाताना तेवढं दाबाल का? आम्हाला वर दाखवावं लागतं."

मावशी त्या चेहऱ्यांसमोर उभी राहिली. मी म्हटलं, "चल गं, नको." तिनं मागे वळून बघितलं. काचेच्या खोलीत ते गृहस्थ पुढचं घड्याळ हातात घेऊन बसले होते आणि भिंग डोळ्यावर ओढण्याआधी आमच्याकडे बघत होते, काय दाबते ते.

"त्यांनी काय वाईट केलं?" मावशी म्हणाली आणि तिनं हसरा चेहरा दाबला. वर्षानुवर्षं सुई ढकलून तिच्या बोटाच्या टोकाला घट्टा पडलाय. पडद्याला ते बोट कळेना. तिनं पुन्हा दाबला. मग आणखी एकदा, जोर देऊन, तो लागेपर्यंत.